उपट्याचा रिकामा फुगा

फुगा साडेचार सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर उंच होता. चित्रकथेतल्या पात्राच्या तोंडाजवळ काढतात आणि आत त्याचं बोलणं लिहितात, तसला फुगा. बारीक अक्षरात त्यात अकरा शब्द मावले असते, जोडाक्षरं टाळली तर बारा. पण तो रिकामा होता. वीस वर्षांत पानाचा कागद पिवळा पडला होता आणि फुग्याच्या आतला भाग मला बाहेरच्यापेक्षा जरा उजळ वाटत होता. तसं असण्याचं काही कारण नव्हतं. कागद एकच होता. भोवतीच्या काळ्या रेघेमुळे तसं दिसत असावं.

“इथं,” निनाद ढवळेने फुग्यावर बोट ठेवलं, “सगळा पिक्चर इथं येऊन थांबतो.”

निनाद पुण्याहून आला होता. तिशीतला दिग्दर्शक, आधी दोन चित्रपट केलेला. त्याच्याबरोबर निर्माते गुंजाळ होते, अंगाने भरलेले, दर पाच मिनिटांनी रुमालाने मान पुसणारे. मिरजेच्या आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी जुने अंक पसरले होते. माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ मुकुंददादा बसला होता. कोल्हापुरात त्याने आयुष्यभर थिएटरांचे बोर्ड रंगवले. आता त्याचा उजवा हात थरथरायचा, म्हणून तो त्याने टेबलाखाली मांडीवर दाबून धरला होता.

सगळ्यांच्या मधे, चौऱ्याऐंशी अंकांच्या चौऱ्याऐंशी पानांवर, उपट्या होता.

सांगलीच्या एका छोट्या मासिकात तो सात वर्षं यायचा. बोलावणं नसताना समारंभाला जायचं, पहिल्या रांगेत बसायचं, भाषणाच्या मधेच तोंड उघडायचं आणि निघताना सत्कारमूर्तीची शाल लांबवायची, एवढाच त्याचा उद्योग. चोरलेली शाल तो कुणा गरिबाला द्यायचा नाही. मे महिन्यात तीन-तीन शाली पांघरून नाक्यावर बसायचा. बोअरिंगच्या उद्घाटनाला पुढारी नारळ फोडतो आणि पाणी काही लागत नाही, तेव्हा हा म्हणतो, ‘साहेब, अजून दोन नारळ फोडा, तेवढीच गावाची तहान भागेल.’ शोकसभेत दीड तास भाषणं ऐकल्यावर शेजाऱ्याला विचारतो, ‘गेला तो सुटला. आपण कधी सुटणार?’ सात वर्षांत त्याने कुणाचं भलं केलं नाही आणि कुणाची माफी मागितली नाही.

“मी आठवीत होतो,” निनाद म्हणाला. “वडील अंक लपवून ठेवायचे. मी शोधून काढायचो. काका, हा फुगा तुम्ही रिकामा ठेवलात ना, त्यावर आम्ही मित्रांनी महिनाभर वाद घातला होता.”

दादा नुसता हसला.

“वाद मुलांनी घालायचा,” गुंजाळ म्हणाले. “पब्लिक वाद घालायला तिकीट काढत नाही. मुकुंदराव, पिक्चर फॅमिलीचा आहे. दोन तास तो सगळ्यांची टोपी उडवतो, झकास, आपल्याला चालतंय. पण शेवटी उपरती पाहिजे. बायका डोळे पुसत बाहेर पडल्या पाहिजेत. हेडमास्तर समोर उभा आहे. फुगा रिकामाच आहे. आपण त्यात वाक्य घातलं.” त्यांनी फाइलमधली पटकथेची पानं काढली आणि चष्मा वर करून वाचलं, “‘सर, मी चुकलो. मला माफ करा.’ आणि पायांवर पडतो. कॅमेरा वर. संपलं.”

“काका, मला ते तितकंसं पटलेलं नाही,” निनाद हळूच म्हणाला. “पण दुसरं काही सुचतही नाही. तुम्ही सांगाल ते घेऊ. तुम्हीच लिहिलंय.”

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो मुद्दाम पाहत नव्हता, हे मला कळत होतं.

गुंजाळांनी करारपत्र पुढे सरकवलं. पहिल्याच पानावर टाइप केलं होतं: मूळ चित्रे व संवाद – मुकुंद कवठेकर. त्याखाली सहीची जागा.

“मी जरा चहाचं बघतो,” दादा उठत म्हणाला. “कुमू, ये.”

त्या घरात दादाने कधी चहाचं बघितलं नव्हतं. मी त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेले. त्याने दार लोटलं.

“मी सही करणार नाही,” तो म्हणाला.

“का?”

“का म्हणून मला विचारतेस? वाचलंस ना काय लिहिलंय ते? मासिकात नाव घातलं, ते घातलं. सरकारी नोकरी होती तुझी. आता स्टॅम्पपेपरवर खोटं लिहून देऊ? उद्या पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत खोटं?”

“हळू बोल.”

“अप्पा वाचनालयात आहेत. बारापर्यंत येत नाहीत. म्हणून तर दहाची वेळ घेतली. चोरासारखी.”

मी पातेल्यात पाणी मोजून घातलं. चार कप.

उपट्या मी लिहीत होते. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनज्ञ होते. दादा कोल्हापुरात चित्रं काढायचा, फुगे रिकामे ठेवायचा आणि गुंडाळी करून एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर मिरजेला पाठवायचा. पाण्याचे नमुने उबवणीपेटीत ठेवले की चोवीस तास वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्यात मी फुगे भरायची. पेन्सिलीने, पट्टीने ओळी आखून. कागद परत गेला की दादा माझ्या अक्षरांवर त्याच्या हाताने शाई फिरवायचा. एक नियम आम्ही पहिल्याच महिन्यात ठरवला होता: चित्र असं का, हे मी विचारायचं नाही आणि फुग्यात हे का, हे त्याने विचारायचं नाही.

नाव त्याचं गेलं, कारण सरकारी नोकराला बाहेर छापून आणायला परवानगी लागायची आणि उपट्याने तिसऱ्या अंकात आमच्याच खात्याच्या साहेबांची शाल चोरली होती. हे कारण खरं होतं. आदल्या वर्षी मी निवृत्त झाले, तेव्हा तेही माझ्याबरोबर निवृत्त झालं. उरलं ते दुसरं.

दुसरं कारण म्हणजे अप्पा. आमचे वडील. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तेव्हा गावाने त्यांचे चौदा सत्कार केले. चौदा शाली ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. पुढच्याच वर्षी उपट्या आला. पहिल्या अंकात त्याने एका निवृत्त मुख्याध्यापकाची शाल पळवली. अप्पांनी तो अंक वाचनालयात पाहिला, घरी आले आणि दादाला पत्र लिहिलं. दोन ओळींचं. ‘तुझी करमणूक पाहिली. बापाच्या सत्काराला हसण्याइतका मोठा झालास, आनंद आहे.’

त्यानंतर सत्तावीस वर्षं दादा दिवाळीला येतो, पाया पडतो, अप्पा ‘सुखी राहा’ म्हणतात आणि पेपर उघडतात. वहिनीशी बोलतात, नातवंडांना गणित शिकवतात. दादाशी तेवढे दोन शब्द. मी त्याच घरात, त्याच टेबलाशी, त्यांना गरम पोळी वाढत असते. त्यांच्या मते मी गुणी मुलगी.

“दादा, आत्ता अप्पा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत,” मी म्हणाले.

“आणि मी त्रेसष्टचा. तुझ्या वाटणीची बोलणी मी इतकी वर्षं खाल्ली, कुमू. कुरकुर केली? नाही केली. पण आता पोट भरलं माझं.” त्याने उजवा हात वर केला. हात हलत होता. “हा हात अजून सही करतोय तोवर हे होऊ दे. मला हा पिक्चर बघायचाय. माझा उपट्या चालताना बघायचाय. पण खोट्यावर नाही. तू सांगणार असशील तर आज. नाहीतर त्यांना चहा देऊन वाटेला लावू.”

“चहात आलं घालू का?”

“घाल,” दादा थकून म्हणाला. “तुला विचारलं काय आणि तू बोलतेस काय.”

मी आलं किसत होते तेव्हा पुढचं दार वाजलं. वाजलं म्हणजे काठीने तीनदा ठोकलं. अशी काठी एकाच माणसाची.

“आज लवकर?” मी दार उघडून विचारलं.

“वाचनालय बंद. कार्यकारिणीचे कुणी वारले.” अप्पांनी चपला जोडीने भिंतीकडे ठेवल्या. काळी टोपी, पांढरा सदरा, आणि घड्याळ नेहमीप्रमाणे मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. मग त्यांना टेबल दिसलं. पसरलेले अंक दिसले. “पाहुणे आहेत?”

निनाद आणि गुंजाळ दोघेही उठून उभे राहिले. हेडमास्तरांना पाहून लोक का उभे राहतात, हे मला कधी कळलेलं नाही, पण राहतात.

“सर, आम्ही पिक्चर करतोय,” गुंजाळ उत्साहाने म्हणाले. दादा मागून हात हलवून त्यांना थांबवत होता, ते त्यांना दिसलं नाही. “मुकुंदरावांच्या उपट्यावर! तुमच्या घराण्याचं नाव होणार, सर.”

अप्पा खुर्ची ओढून बसले. काठी मांडीवर आडवी घेतली.

“झालंय ते पुरेसं आहे,” ते म्हणाले. “उभे का? बसा.”

मी आणखी एक कप वाढवून चहा आणून ठेवला. शेवटचा अंक अप्पांच्या पुढ्यातच उघडा होता. त्यांनी तो जवळ ओढला.

त्या पानावरचं शेवटचं चित्र मला आजही डोळे मिटून काढता येईल, मी चित्रकार नसले तरी. समारंभ संपलाय. मांडववाले खुर्च्या एकात एक घालताहेत. व्यासपीठावर एक म्हातारे हेडमास्तर एकटे उभे आहेत, हातात नुसता नारळ. समोर उपट्या, खांद्यावर त्यांची शाल. दादाने हेडमास्तरांचं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला काढलं होतं. कागद प्रयोगशाळेत उलगडल्यावर ते मला दिसलं, आणि मी नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. हेडमास्तरांचा फुगा मी लगेच भरला: ‘शाल नेलीस ती नेलीस. पण मी तुझं काय वाईट केलं होतं, तेवढं सांगून जा.’

मग उपट्याचा फुगा आला आणि मला लिहिता येईना. नमुने उबवणीपेटीतून काढायची वेळ झाली, पाण्याचे अहवाल गेले, तरी येईना. मी कागद तसाच परत पाठवला. वाटलं, दादा फोन करील, हा महिना चुकवू. दादाला वाटलं, मला तो रिकामाच हवाय. त्याने नियमाप्रमाणे विचारलं नाही. कागद छापखान्यात गेला, छापून आला. लोकांनी वाहवा केली. संपादकांनी पत्र लिहिलं की याहून मोठा शेवट असू शकत नाही, आणि मासिक त्यांना तसंही बंद करायचंच होतं.

अप्पांनी पान पाहून बाजूला ठेवलं. मग गुंजाळांच्या पटकथेची पानं उचलली.

“हे काय?”

“शेवटचा सीन, सर,” गुंजाळ म्हणाले. “तुम्हाला आवडेल. मास्तरांचा मान राखलाय आम्ही.”

अप्पांनी वाचलं. ते वाचताना ओठ किंचित हलवतात. दोनदा वाचलं.

“हा पाया पडतो?” अप्पांनी विचारलं.

“हो, सर. माफी मागतो.”

“उपट्या?”

“हो.”

“कोणी लिहिलं हे?”

“आमच्या लेखकांनी. मोठे लेखक आहेत, टीव्हीला त्यांच्या चार मालिका...”

“त्यांनी हे वाचलेत का?” अप्पांनी काठीने अंकांच्या गठ्ठ्याकडे दाखवलं. “मी वाचलेत. सगळे. दर महिन्याच्या तीन तारखेला वाचनालयात यायचा अंक. काय अपमान केलाय हे कळायला नको? म्हणून वाचायचो. हा माणूस कलेक्टरला माफ करा म्हणत नाही. महाराजांना म्हणत नाही. स्वतःच्या सासऱ्याच्या तेराव्याला जिलबी कमी पडली म्हणून भांडतो, तिथं म्हणत नाही. आणि सात वर्षांनी एका मास्तरच्या पायांवर पडून रडतो? का? मास्तर काय असा मोठा लागून गेलाय?”

गुंजाळांचा रुमाल मानेवरच थांबला.

“सर, पण संस्कार...”

“संस्कारांचं मला सांगू नका. चाळीस वर्षं तेच विकलं मी.” अप्पांनी चहाचा घोट घेतला. “शिक्षा केलेल्या पोरासारखी माफी आहे ही. छडी दिसली की मागतात तसली. मी हजारो ऐकल्यात. एक खरी नव्हती.”

निनाद पुढे वाकला. “आजोबा, तुम्हाला उपट्या आवडतो?”

“आवडायचा प्रश्नच येत नाही. निर्लज्ज माणूस आहे.” अप्पा थोडे थांबले. मग खिडकीकडे बघत नाइलाजाने म्हणाले, “तो बोअरिंगचा अंक. दोन नारळ. वाचनालयात मला हसू आलं. शांतता राखायची जागा ती. दाबायला गेलो तर ठसका लागला. ग्रंथपालाने पाणी आणून दिलं. पाणी म्हटल्यावर आणखीच हसू आलं.”

सत्तावीस वर्षांत हे दादाला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी त्याच घरात राहत होते.

“मग अप्पा,” दादा म्हणाला, “मला एवढी वर्षं...”

“तुला काय? तू चित्रं काढलीस. चित्रं बरी आहेत. घड्याळ नीट काढलंयस माझं.” ते आता दादाकडे बघत होते. सरळ. “पण मुकुंदा, एक मला कधीच उलगडलं नाही. तू चौथीत होतास तेव्हा त्या सोनवण्याच्या पोराने तुझी पाटी फोडली. तू काय केलंस? घरी येऊन रडलास. मॅट्रिकला मास्तरांनी तुला खोटं ठरवलं, तू मान खाली घालून उभा. तुला आयुष्यात कधी कुणाला उलटून बोलता आलं नाही. मला सुद्धा नाही. दोन ओळींचं पत्र पाठवलं, म्हटलं आता तरी भांडायला येईल. नाही आलास. आणि हा उपट्या तर प्रत्येक पानावर उलटून बोलतो. तोंडावर. एका वाक्यात. हे तुझ्याकडे आलं कुठून?”

दादा टेबलाकडे बघत राहिला. त्या क्षणीही त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. पाहिलं असतं, तर ते त्याने सांगितल्यासारखं झालं असतं.

“बरं, सर,” गुंजाळ चाचरत म्हणाले, “मग माफी नको, तर काय म्हणेल तो? फुगा तर भरावा लागेल. एवढा मोठा पडदा, रिकामा कसा सोडणार?”

“मला काय विचारता?” अप्पा म्हणाले. “मी त्याचा बाप आहे का? ज्याने लिहिलं त्याला विचारा.”

टेबलावर पाच कप होते. चार रिकामे झाले होते, माझा भरलेला होता आणि त्यावर साय धरली होती. मला आठवतं, मी त्या सायीकडे बघितलं आणि नेहमीच्या सवयीने मनात वेळ मोजली. चहा ओतून अकरा मिनिटं झाली असावीत. अकरा मिनिटांत एका माणसाबद्दलचं सत्तावीस वर्षांचं माझं अनुमान चुकीचं निघालं होतं. प्रयोगशाळेत असं झालं की नमुना पुन्हा तपासतात. मी तपासला नाही.

मी पटकथेचं ते पान अप्पांच्या हातातून घेतलं, दुमडून बशीखाली ठेवलं.

“मग मला विचारा, अप्पा,” मी म्हणाले. “उपट्या मी लिहिला. पहिल्या अंकापासून, सगळा. आणि तो माफी मागणार नाही.”